नळी निघाल्यावरचा पहिला खोकला

फुप्फुसं बदललेल्या माणसाच्या घशातली व्हेंटिलेटरची नळी ऑपरेशननंतर काही तासांतच काढली, असं कळलं की घरच्यांच्या पोटात आधी गोळा येतो. आमच्या दिवाळे गावातल्या एका नाखवाकाकांचं ऑपरेशन दक्षिणेतल्या एका रुग्णालयात झालं, तेव्हा त्यांच्या थोरल्या सुनेने मला रात्री फोन केला. "गो बाय, नली आवऱ्या लवकर कनाला कारली? मशीन आजून दोन दिस ऱ्हायली असती तं काय झाला असता?" मी अतिदक्षता विभागात फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून गावात असले प्रश्न माझ्याकडे येतात. तिला फोनवर दोन वाक्यांत उत्तर दिलं. पण हा प्रश्न मोठा आहे, आणि त्याचं नीट उत्तर नातेवाइकांना सहसा कुणी बसून देत नाही. ते इथे देते.

व्हेंटिलेटरबद्दल आपल्याकडे दोन टोकाच्या समजुती आहेत. पहिली अशी की माणूस 'व्हेंटिलेटरवर गेला' म्हणजे संपला. दुसरी याच्या अगदी उलट, की मशीन लावलेलं आहे तोवर धोका नाही. एकाच घरातली माणसं एकाच दिवसात दोन्ही बोलतात. दुसरी समजूत मला जास्त त्रास देते, कारण ती प्रेमापोटी येते. "राहू द्या ना अजून थोडे दिवस, त्याला आराम मिळेल," असं म्हणणाऱ्या बायकोला किंवा मुलाला, मशीन आराम देत नाही, हे पटवून देणं अवघड जातं.

आपण श्वास घेतो तेव्हा छातीच्या तळाशी असलेला श्वासपटलाचा स्नायू खाली सरकतो, छातीची पोकळी मोठी होते आणि हवा आपोआप आत ओढली जाते. व्हेंटिलेटर हवा ओढून घेत नाही, बाहेरून दाब देऊन आत ढकलतो. काम तेच होतं, पण उलट पद्धतीने. पूर्ण गुंगीत असलेल्या माणसाचं श्वासपटल त्या काळात जवळजवळ बसून असतं. आणि बसून राहिलेला हा स्नायू किती झपाट्याने झिजतो, हे २००८ साली अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील सॅनफोर्ड लेव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. त्यांनी मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे बारीक तुकडे तपासले. हे दाते १८ ते ६९ तास व्हेंटिलेटरवर होते. एवढ्या अवधीत स्नायूच्या तंतूंच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ निम्म्याहून कमी झालं होतं. तीन दिवसही पुरे झाले नव्हते. ज्या माणसांनी मृत्यूनंतर आपले अवयव दिले, त्यांच्याच शरीराने आम्हाला हेही शिकवलं. हा अभ्यास मी दर वर्षी नव्या फिजिओथेरपिस्ट मुलींना वाचायला लावते.

खोल समुद्रात इंजिन बंद पडलेली होडी दुसऱ्या होडीला दोर बांधून बंदरात आणतात. होडी पोचते खरी, पण तिचं इंजिन चालतंय की नाही हे दोर सोडल्याशिवाय कळत नाही, आणि जितका काळ ती दोरावर राहील तितकं ते इंजिन सुरू करणं कठीण होत जातं. व्हेंटिलेटरवरच्या माणसाचं तसंच आहे.

हे झालं कुठल्याही रुग्णाचं. फुप्फुस बदललेल्या माणसाच्या बाबतीत आणखी काही गोष्टी येतात. दात्याचं फुप्फुस बसवताना तीन ठिकाणी जोड द्यावा लागतो : श्वासनलिकेची फांदी, फुप्फुसाकडे रक्त नेणारी धमनी, आणि हृदयाकडे रक्त परत आणणारा भाग. श्वासनलिकेच्या फांदीला स्वतःच्या बारीक रक्तवाहिन्या असतात, त्या मात्र सहसा जोडल्या जात नाहीत. त्यामुळे तो सांधा सुरुवातीचे काही आठवडे फुप्फुसाच्या बाजूने उलट झिरपत येणाऱ्या कमी प्राणवायूच्या रक्तावर तगून असतो. तिथे बाहेरून सतत दाब देत राहणं त्याला मानवत नाही. फुप्फुस प्रत्यारोपणाच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं दुखणं हा सांधाच होता. मिसिसिपीतल्या जॅक्सन इथे जेम्स हार्डी यांनी ११ जून १९६३ रोजी माणसात पहिल्यांदा फुप्फुस बसवलं, तो रुग्ण १८ दिवस जगला. पुढच्या २० वर्षांत जगभर चाळीसच्या आसपास प्रयत्न झाले आणि एकही रुग्ण वर्षभर टिकला नाही. कुणाला जंतुसंसर्गाने नेलं, कुणाचा सांधा उसवला. टोरांटोच्या जोएल कूपर यांनी याच सांध्याचा ध्यास घेतला, प्रयोगशाळेत स्टिरॉइडमुळे तो भरत नाही हे पाहिलं, आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये त्यांनी केलेलं एका फुप्फुसाचं प्रत्यारोपण यशस्वी झालं. तो रुग्ण सहा वर्षांहून अधिक जगला. भारतात चेन्नईला डॉ. के. एम. चेरियन यांनी हे काम १९९९ च्या सुमारास सुरू केलं. आजही महाराष्ट्रातले कितीतरी रुग्ण चेन्नईला आणि हैदराबादला जातात, आता मुंबई-पुण्यातही ही शस्त्रक्रिया होते.

दुसरी गोष्ट माझ्या कामाच्या अगदी जवळची आहे. नवं फुप्फुस बसवताना त्याच्या नसा तुटतात आणि त्या जोडता येत नाहीत. म्हणजे सांध्याच्या खाली जे काही घडतं ते माणसाला जाणवत नाही. तुमच्या-माझ्या फुप्फुसात कफ साठला तर घशात खाज येते आणि आपण खोकतो. या माणसाच्या नव्या फुप्फुसात वाटीभर कफ साठला तरी त्याला पत्ता लागत नाही. कफ वर सरकून त्याच्या स्वतःच्या, जुन्या श्वासनलिकेपर्यंत आला तरच खोकला येतो. कफ वर ढकलणारे सूक्ष्म केसही सुरुवातीला सुस्त असतात. अशा फुप्फुसात कफ बसून राहिला की तिथे जंतू धरतात, आणि प्रत्यारोपण झालेल्या माणसाची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवलेली असते. घशात नळी आहे तोवर माणूस खोकू शकत नाही, कारण खोकायला आधी स्वरयंत्र घट्ट मिटावं लागतं आणि नळी नेमकी त्याच्या मधून गेलेली असते. नळीच्या बाहेरून तोंडातली लाळ थोडी थोडी खाली उतरत राहते ती वेगळीच. म्हणून या माणसाची नळी जितक्या लवकर निघेल तितकं बरं. जागा माणूस, बसलेला माणूस आणि ठरवून खोकणारा माणूस ही त्या फुप्फुसाची सगळ्यात मोठी राखण आहे.

ज्यांचं एकच फुप्फुस बदललेलं असतं आणि दुसऱ्या बाजूला धूम्रपानाने किंवा चुलीच्या धुराने फुगलेलं जुनं फुप्फुस तसंच असतं, त्यांच्यात आणखी एक कारण आहे. मशीनची हवा सैल, फुगणाऱ्या बाजूला जास्त जाते, ती बाजू फुगत जाते आणि नव्या फुप्फुसाला चेपते. अशा रुग्णांमध्ये नळी लवकर काढण्याचा विचार डॉक्टरांनी फार आधीपासून केला.

लवकर म्हणजे किती लवकर? काही ठिकाणी ऑपरेशन टेबलावरच. पॅरिसजवळच्या स्युरेन इथल्या फॉश रुग्णालयातल्या भूलतज्ज्ञांनी दोन्ही फुप्फुसं बदललेल्या रुग्णांची नळी ऑपरेशन थिएटरमध्येच काढल्याचे अनुभव २०१६ साली प्रसिद्ध केले. इतर अनेक ठिकाणी पहिल्या काही तासांत किंवा २४ तासांच्या आत काढतात. हृदयाच्या शस्त्रक्रियांमध्ये हा बदल १९९० च्या दशकात आला. त्याआधी बायपासचे रुग्ण रात्रभर गुंगीत ठेवण्याची पद्धत होती.

नळी लवकर काढायची हा निर्णय थिएटरबाहेर उभं राहून कुणी घेत नाही. तो भूल देण्याच्या आधी घेतलेला असतो. भूल अशा औषधांची दिली जाते की जी बंद केल्यावर थोड्या वेळात उतरते. सलाइन हात राखून देतात, कारण बर्फातून आलेलं फुप्फुस पाण्याला फार हळवं असतं, ज्यादा पाणी थेट त्यात झिरपतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेदनेचा बंदोबस्त. दोन्ही फुप्फुसं बदलताना बऱ्याचदा छाती एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत आडवी उघडतात. एवढी जखम दुखत असेल तर माणूस खोल श्वास घेणार नाही, खोकणार तर मुळीच नाही. त्यासाठी मॉर्फिनसारख्या औषधाचे मोठे डोस दिले तर श्वासच मंदावतो. म्हणून पाठीच्या कण्याजवळ बारीक नळी घालून तिथूनच नसा बधिर करतात, किंवा पाठीच्या स्नायूंखाली औषध सोडतात. रक्त पातळ करण्याची औषधं चालू असतील तर कण्याजवळ सुई घालणं धोक्याचं, तेव्हा दुसरी पद्धत बरी पडते. भूलतज्ज्ञाचं हे काम नातेवाइकांना दिसत नाही. माझ्या मते, नळी लवकर निघण्याचं निम्मं श्रेय त्याला जायला हवं.

मग प्रत्यक्ष वेळ येते. पलंगाचं डोकं वर केलेलं असतं. गुंगीचं औषध बंद होऊन थोडा वेळ गेलेला असतो. नर्स कानाशी वाकून नावाने हाक मारते, "दादा, डोळे उघडा, माझा हात दाबा." दोन्ही हातांनी दाबतो का ते बघतात. मग, "मान उशीवरून उचला, धरून ठेवा." पाच सेकंद धरता आली की आम्ही एकमेकींकडे बघतो. मशीनचा आधार अगदी कमी करून अर्धा तास त्याला स्वतःच्या जोरावर श्वास घेऊ देतात. या अर्ध्या तासात माझे डोळे मॉनिटरपेक्षा त्याच्या गळ्यावर आणि पोटावर असतात. मानेचे स्नायू ताणले जाताहेत का, श्वास घेताना पोट आत जातंय का, कपाळावर घाम आलाय का. श्वास उथळ आणि भराभर होऊ लागले तर थांबायचं. हातातल्या धमनीतून रक्त घेऊन त्यातला प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड तपासतात. दुर्बीण घालून सांधे आणि आतला कफ बघून घेतलेला असतो. सगळं जमलं तर तोंडातली लाळ ओढून काढतात, नळीच्या टोकाचा फुगा सोडतात, आणि डॉक्टर म्हणतात, "मोठा श्वास घ्या." श्वास सोडताना नळी एका ओघात बाहेर येते. लगेच मी त्याच्या छातीशी उशी धरते, त्याचे हात त्यावर दाबते आणि सांगते, "खोका. दुखेल, पण खोका." तो पहिला खोकला भिजलेला, जोरकस आला तर खोलीतल्या सगळ्यांचे खांदे सैल होतात. मग नाकाला वेगाने वाहणाऱ्या ऊबदार प्राणवायूची नळी किंवा तोंडावर घट्ट मास्क लावतात, म्हणजे श्वासपटलाला पहिले काही तास हलका आधार मिळतो.

हे सगळ्यांना जमत नाही, हेही तितकंच खरं आहे. दात्याच्या शरीरातून निघून दुसऱ्या शरीरात रक्त सुरू होईपर्यंत फुप्फुस काही तास बर्फात असतं, साधारण सहा ते आठ तासांपर्यंत डॉक्टर निर्धास्त असतात. रक्त परत सुरू झालं की काही जणांच्या नव्या फुप्फुसात सूज येते, पाणी भरतं, प्राणवायू उतरतो. हे पहिल्या ७२ तासांत दिसतं. तशा रुग्णाची नळी काढणं म्हणजे त्याला बुडवणं. रक्तस्राव चालू असेल, हृदयाची उजवी बाजू थकलेली असेल, श्वासपटलाची नस ऑपरेशनमध्ये दुखावली असेल, तरी थांबावं लागतं. आणि काढलेली नळी पुन्हा घालावी लागली तर ते रुग्णाला महागात पडतं. म्हणून, 'त्यांच्या माणसाची सहा तासांत काढली, आमच्या माणसाची चार दिवस झाले तरी नाही' अशी तुलना प्रतीक्षाकक्षात करू नये. चार दिवस थांबणारा डॉक्टरही त्याच विचाराने थांबलेला असतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नळी लवकर निघालेल्यांचे दिवस आयसीयूत कमी जातात, त्यांना न्यूमोनिया कमी होतो, असं बऱ्याच रुग्णालयांच्या नोंदींतून दिसतं. पण ज्यांची तब्येत मुळात बरी होती, त्यांचीच नळी लवकर निघाली, असंही त्यात असणार. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांची लवकर आणि निम्म्यांची उशिरा काढून पाहण्याचे मोठे अभ्यास या बाबतीत झालेले नाहीत. म्हणून घड्याळाचा नियम कुणी करू नये. माझं म्हणणं एवढंच की रोज सकाळी प्रश्न असा असावा : आज ही नळी ठेवायला कारण काय? कारण सापडलं तर ठेवा.

व्हेंटिलेटरचा मी तिरस्कार करते असं कुणी समजू नये. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, मुलांचे श्वासाचे स्नायू लुळे पडले आणि दवाखान्यात पुरेशी यंत्रं नव्हती. ब्यर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने गळ्याला भोक पाडून नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून श्वास दिला. पुढे सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस, पोरांच्या उशाशी बसून पिशव्या दाबत राहिले. शंभरातले ऐंशीहून अधिक दगावत होते, ते प्रमाण निम्म्याखाली आलं. अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथली. आपल्या मुंबईत डॉ. फारुख उदवाडिया यांनी धनुर्वाताचे रुग्ण याच वाटेने वाचवले. म्हणजे उसना श्वास देण्याची विद्या मोठीच आहे. तो श्वास वेळेवर परत घेणं हा त्याच विद्येचा पुढचा धडा आहे.

आमच्या नाखवाकाकांची तयारी ऑपरेशनच्या कितीतरी महिने आधी दिवाळ्यातच सुरू झाली होती. त्यांचं फुप्फुस आतून चिवट, घट्ट होत चाललं होतं. अशा दुखण्यांची कारणं अनेक असतात, काहींत ती सापडतच नाहीत, काहींत कबुतरांच्या विष्ठेचा आणि पिसांचा वाटा असतो. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागलं तेव्हा ते घरातून उठून संडासापर्यंत जाताना थांबत. त्यांना अंथरुणात ठेवायचं असं सगळ्यांनी ठरवलं होतं. मी उलट सांगितलं. मासळीच्या टोपल्या ओढायच्या छोट्या चाकांच्या गाड्यावर मुलाने प्राणवायूचा सिलिंडर बांधला आणि काका रोज सकाळी घरापासून जेट्टीपर्यंत चालू लागले. बोटाला ऑक्सिमीटर. आकडा ८८ च्या खाली गेला की ओट्यावर बसायचं, चढला की पुन्हा उठायचं. वाटेत जाळी विणत बसलेली माणसं हाका मारायची, काकांना उत्तर द्यायला दम नसायचा, ते नुसता हात वर करायचे. मांड्यांत ताकद असलेला माणूस ऑपरेशननंतर लवकर उठून बसतो, बसलेल्या माणसाचं श्वासपटल मोकळं हलतं, म्हणून नळी काढण्याची तयारी पायांपासून होते.

श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं ते निळं यंत्र आता घरोघरी आहे, कोविडपासून कपाटावर पडलेलं. दिवाळ्यात मी पाहिलं तर दहातली आठ माणसं त्यात जोराने फुंकतात. त्यात फुंकायचं नसतं. तोंडात नळी धरून हवा सावकाश आत ओढायची, चेंडू वर धरून ठेवायचा, मग सोडायचं. काकांनाही हे पुन्हा शिकवावं लागलं.

कुणी विचारेल, एवढं करून माणूस किती जगतो? जगभरच्या नोंदींनुसार फुप्फुस बदललेल्यांपैकी निम्मे साधारण साडेसहा वर्षांहून अधिक जगतात. मूत्रपिंड किंवा यकृताच्या मानाने हे कमी आहे. पण ज्याला संडासापर्यंत चालवत नव्हतं, त्याच्यासाठी ती वर्षं मोठी असतात. आणि ती कुणाच्या तरी घरच्यांनी, स्वतःचं माणूस गेल्याच्या घटकेला होकार दिल्यामुळे मिळतात. मेंदूमृत दात्यांपैकी बऱ्याच जणांची फुप्फुसं वापरण्याजोगी उरत नाहीत, म्हणून प्रत्येक होकार मोलाचा. तुमची इच्छा काय आहे ते घरच्यांना आजच सांगून ठेवा, कारण त्या वेळी विचारलं त्यांनाच जाणार आहे.

तुमच्या माणसावर ही वेळ आली, तर नळी निघाल्यावर तुम्हाला आत सोडतील तेव्हा चार गोष्टी लक्षात ठेवा. त्याचा आवाज बसलेला असेल, घाबरू नका आणि त्याला बोलायला लावू नका. पाणी मागेल, पण गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय थेंबही देऊ नका, ते थेट नव्या फुप्फुसात उतरू शकतं आणि त्याला ते कळणारही नाही. "झोप आता, आराम कर" म्हणू नका. त्याची उशी त्याच्या छातीशी द्या, घड्याळ बघा, आणि दर तासाला, त्याला खोकला आलेला नसला तरी, त्याला खोकायला सांगा.